यंत्राने लिहिलेले सॉफ्टवेअर आणि आपल्या दुकानाचा हिशोब

मोंढ्यातील आडत असो, औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनचे शेड असो की भोकरदन, परतूरच्या पेठेतील कापडाचे दुकान असो, अलीकडे सगळीकडे एक गोष्ट घडू लागली आहे. संगणकाचे थोडेफार शिक्षण घेतलेला एखादा तरुण येतो व म्हणतो, "तुम्हाला हवे तसे बिलाचे सॉफ्टवेअर दोन दिवसांत करून देतो, खर्चही फारसा नाही." ज्या कामाला पूर्वी दोन-तीन महिने लागत ते दोन दिवसांत कसे होते असे विचारले की तो सांगतो, "एआय लिहून देते." त्याचे हे म्हणणे खोटे नसते. परंतु ते ऐकून पैसे मोजण्यापूर्वी व्यापारी व कारागीर बंधूंनी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखक लहान दुकानांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो आणि ही नवी साधने रोज वापरतो. त्यामुळे पुढील विवेचन या साधनांच्या विरोधकाचे आहे असे समजू नये.

प्रथम हे साधन काय करते ते पाहू. संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या क्रमवार यादीला प्रोग्राम म्हणतात. जगभरच्या प्रोग्रामरांनी लिहिलेले असे असंख्य प्रोग्राम आणि त्याबरोबर पुस्तके, लेख वगैरे मजकूर यंत्राला वाचायला दिला गेला. कोणत्या शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येतो, कोणत्या आज्ञेनंतर कोणती आज्ञा येते, याचा अंदाज बांधायला यंत्र त्यातून शिकले. २०२१ साली गिटहब कंपनीने 'कोपायलट' हे प्रोग्रामरांसाठीचे साधन चाचणीसाठी खुले केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि सामान्य माणसालाही यंत्राला साध्या भाषेत काम सांगता येऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेय कारपाथी या नामांकित संगणकतज्ज्ञाने या पद्धतीला 'वाइब कोडिंग' असे नाव दिले. म्हणजे प्रोग्राम न वाचता, यंत्र जे देईल ते घेत पुढे जायचे. हे नाव आता फार गाजते आहे, पण सुटीच्या दिवशी हौसेने करायच्या आणि नंतर टाकून द्यायच्या छोट्या कामांपुरती ही पद्धत ठीक आहे, असेच खुद्द कारपाथींनी त्या वेळी लिहिले होते. आपल्या दुकानाची खतावणी त्या वर्गात बसत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. जालना हे सळईचे गाव आहे, त्यामुळे उदाहरणही सळईचेच बरे. एखाद्या वेल्डरने खिडक्यांच्या ग्रिलचा अंदाजखर्च काढण्यासाठी यंत्राकडून छोटा प्रोग्राम लिहून घेतला. सांगताना तो म्हणाला, "१२ एमएमचा बार आहे, मीटरवरून वजन काढून दे." यंत्राने क्षणात प्रोग्राम दिला. त्यात सूत्र होते, व्यासाचा वर्ग भागिले १६२. हे सूत्र बरोबर आहे, बांधकामावरचा प्रत्येक सुपरवायझर ते वापरतो. १४४ भागिले १६२ म्हणजे मीटरला सुमारे ०.८८९ किलो. पण हे सूत्र गोल सळईचे आहे. ग्रिलला वेल्डर चौरस बार वापरत असेल, तर १२ एमएमच्या चौरस बारचे वजन मीटरला सुमारे १.१३० किलो भरते. शंभर मीटर माल लागला तर ८९ किलोचा भाव सांगितला जाईल आणि माल लागेल ११३ किलो. २४ किलो लोखंड कारागिराच्या खिशातून गेले. एका कामात त्याची मजुरीच जाते.

येथे यंत्राने काही चुकीचे लिहिले असे म्हणता येणार नाही. त्याला 'बार' एवढेच सांगितले होते व त्याने वाचलेल्या मजकुरात बहुतेक ठिकाणी बार म्हणजे गोल सळई असावी. ही गफलत प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाच्या लक्षात येणार नाही, कारण त्याने ग्रिल कधी बनवलेले नाही. वेल्डरच्या लक्षात मात्र पहिल्याच बेरजेला येईल, अट एवढीच की त्याने एक हिशोब हाताने करून ताडून पाहिला पाहिजे.

धंद्याचे हे ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये कसे उतरते याचे चांगले उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आज गावोगावी चालणारे 'टॅली' १९८६ साली बंगळूरमध्ये जन्मले. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल पुरवणारे व्यापारी. त्यांना आपल्या हिशोबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भारत याला त्यांनी ते लिहायला लावले. मुलगा घरचा आणि गरजही घरची. काय हवे आणि काय चालणार नाही हे सांगणारा माणूस समोरच बसलेला होता. आज यंत्राच्या मदतीने लिहिण्याचा भाग सोपा झाला आहे. तो सांगणारा माणूस मात्र आजही लागतोच, आणि आपल्या दुकानाच्या बाबतीत तो माणूस आपण स्वतः आहोत.

कराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून गेले, मुख्यतः ५ व १८ टक्के राहिले आणि थोड्या वस्तूंवर ४० टक्के आला. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले. घाईने केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दर प्रोग्रामच्या पोटात एकच आकडा म्हणून ठोकून दिलेला असतो. तेथे २८ काढून १८ घातले की त्या दिवशीची बिले बरोबर निघतात आणि मालक निर्धास्त होतो. खरी गंमत पुढे होते. १५ सप्टेंबरला नेलेल्या मालातील वीस पोती एक ठेकेदार ऑक्टोबरात परत करतो. समजा पोत्याचा कराआधीचा भाव ३०० रुपये होता. मूळ बिलात ६,००० रुपयांवर २८ टक्क्यांप्रमाणे १,६८० रुपये कर लागला होता, तेव्हा परतीच्या क्रेडिट नोटवरही मूळ बिलाचाच दर लागला पाहिजे. वरील सॉफ्टवेअर मात्र आजचा दर लावून १,०८० रुपये दाखवते. ६०० रुपयांचा फरक पडला आणि ठेकेदाराशी वाद झाला तो वेगळाच. शिवाय जुने बिल पुन्हा छापायला गेले तर तेही नव्या दराने छापले जाते, म्हणजे ठेकेदाराकडील प्रत व आपली प्रत यांचा मेळ बसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दर तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवायचे आणि प्रत्येक बिलासोबत त्या दिवशी लागलेला दरही साठवायचा. अनुभवी प्रोग्रामर हे न सांगता करतो, कारण कधीतरी त्याचे हात पोळलेले असतात. यंत्रालाही हे येते. नीट सांगितले तर ते उत्तम करून देते, पण सांगावे लागते.

पैशांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. संगणक आतून दोनच अंकांत मोजतो. त्यामुळे दशांश अपूर्णांक त्याला नेहमी नेमके मांडता येत नाहीत, दहा पैसे अधिक वीस पैसे ही बेरीजसुद्धा साध्या पद्धतीने केली तर आतमध्ये तीस पैशांहून किंचित वेगळी येते. म्हणून हिशोबाच्या कामात जाणकार प्रोग्रामर रक्कम पैशांत, पूर्ण अंकांत ठेवतो किंवा दशांशासाठी असलेली खास सोय वापरतो. त्यातच कर दोन भागांत विभागला जातो. १,०५० रुपये ५० पैशांवर १८ टक्के म्हणजे १८९ रुपये ९ पैसे. हाच कर केंद्र व राज्य असा नऊ-नऊ टक्क्यांनी काढला तर प्रत्येकी ९४ रुपये साडेचोपन्न पैसे येतात. ते पूर्ण पैशांत केले की ९४.५५ अधिक ९४.५५, बेरीज १८९.१०. एक पैसा वाढला. एक पैसा क्षुल्लक आहे हे खरे, परंतु दिवसाला शंभर बिले फाडणाऱ्या दुकानात महिनाअखेर रोजमेळ आणि कराचे विवरण जुळत नाही. मग मुनीम दोन रात्री जागून तो पैसा शोधत बसतो. नवे सॉफ्टवेअर दाखवायला कोणी आला तर त्याला हीच रक्कम टाकायला सांगावी आणि काय येते, का येते, हे विचारावे. उत्तर देता आले तर मुलाने प्रोग्राम वाचला आहे असे समजायला हरकत नाही.

काही व्यवहार तर असे आहेत की ते यंत्राच्या नेहमीच्या वाचनात फारसे येतच नाहीत. आपल्यापैकी अनेक व्यापारी थकलेल्या उधारीवर व्याज लावत नाहीत. पण 'उधारीचे सॉफ्टवेअर करून दे' एवढेच सांगितले तर यंत्र बहुधा उशिराच्या व्याजाचा रकाना आपणहून घालून देते, आणि एखाद्या दिवशी नोकराच्या हातून तो चालू होऊन गिऱ्हाइकाला व्याजासह बिल जाते. तो रकाना नुसता बंद करून भागत नाही, तो काढूनच टाकायला सांगावे. जकातीच्या हिशोबाचेही तसेच. जकात चांद्रवर्षावर निघते आणि चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सॉफ्टवेअर ३१ मार्च धरून बसले तर दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडत जातो व ३३ वर्षांत एक पूर्ण वर्ष सुटते. दुकानातील मालाची किंमत कोणत्या दिवसाच्या भावाने धरावी, येणे-देणे कसे मांडावे, हे आलिमांना विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात द्यावा. यंत्रालाच मसला विचारून त्याप्रमाणे हिशोब मांडू नये. ते उत्तर ठामपणे देते, पण चुकले तर जबाब द्यायला येत नाही.

आता वेगाविषयी. हे साधन वापरणाऱ्याला आपले काम फार झपाट्याने होते आहे असे वाटते, लेखकालाही वाटते. जुलै २०२५ मध्ये एमईटीआर या अमेरिकन संशोधन संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामे एआयच्या मदतीने करायची, काही तिच्याशिवाय. एआयच्या मदतीने केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर मात्र त्या मंडळींचा अंदाज होता की आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला. अभ्यास लहान होता, साधने त्या वेळची होती आणि ती महिन्या-महिन्याला सुधारत आहेत, त्यामुळे त्या आकड्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. तथापि 'लवकर झाले' ही भावना घड्याळाशी ताडून पाहावी लागते, एवढे त्यातून दिसते. यंत्राने लिहिलेले वाचून तपासण्यात वेळ जातो. जो दोन दिवसांत देतो त्याने हा तपासणीचा वेळ धरला आहे की वगळला आहे, हे विचारणे गिऱ्हाईक म्हणून आपला हक्क आहे.

त्याच महिन्यात अमेरिकेत एक प्रकार घडला. जेसन लेमकिन हे उद्योजक 'रेप्लिट' या सेवेवरील एआयकडून सॉफ्टवेअर बनवून घेत होते. आता कोणताही बदल करू नये असे स्पष्ट बजावलेले असतानाही एआयने चालू माहितीचा साठाच पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, ही माहिती परत आणता येणार नाही असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ती परत आणता आली. कंपनीच्या प्रमुखांनी चूक मान्य केली आणि चालू माहिती व प्रयोगाची माहिती वेगळी ठेवण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे लहान दुकानांत ही व्यवस्था बहुधा नसते. मुलगा सरळ दुकानाच्या संगणकावर, चालू खात्यांवरच बदल करत बसतो. त्याला तसे करू देऊ नये. बदल आधी माहितीच्या वेगळ्या प्रतीवर करून पाहावा. रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह घरी न्यावा, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी. प्रत घेणारे बरेच असतात, उघडून बघणारे विरळा, आणि न उघडणारी प्रत वेळेवर काहीच कामाची नसते.

गिऱ्हाइकांची नावे, मोबाईल नंबर व कोणाकडे किती थकले ही यादी फुकटच्या एआयमध्ये जशीच्या तशी चिकटवण्याची सवयही वाढली आहे. ही लोकांची अमानत आहे. प्रोग्राम तपासायला खोटी नावे व खोट्या रकमा पुरतात.

हा झाला यंत्राने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा भाग. परंतु एकूणच आजचे सॉफ्टवेअर कसे बनते याविषयीही व्यापाऱ्याला थोडे ठाऊक असावे, कारण पैसे त्याचेच जातात. 'पास्कल' ही संगणकभाषा घडवणारे स्वित्झर्लंडचे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच तक्रार केली होती की यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत चालले आहे. विर्थ जानेवारी २०२४ मध्ये वारले आणि त्यांची तक्रार अजून तशीच उभी आहे. दोन ओळींचे बिल छापायला आज जेवढी सामग्री संगणकात भरावी लागते, तेवढ्यात पूर्वी सबंध कारखान्याचा हिशोब चाले. लिहिणे फुकटासारखे झाले म्हणजे कोणी काटकसर करत नाही. यंत्र एका मिनिटात हजार ओळी लिहून देते आणि त्या हजार ओळी पुढे कोणीतरी सांभाळायच्या असतात. याचा भुर्दंड दुकानदाराला पडतो. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ मात्र अनेक जुन्या संगणकांवर नियमाप्रमाणे चढत नाही. चालते यंत्र बाजूला ठेवून नवे घेण्याची पाळी त्यामुळे आली.

दुसरा बदल भाड्याचा. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे चाले. आता बरेचसे सॉफ्टवेअर महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळते. जालन्याच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्याची ओळख गावोगावच्या शेतकऱ्यांना झाली. संकरित बियाण्याने पीक वाढते, पण घरचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर तसे पीक येत नाही, दर हंगामाला पिशवी विकत घ्यावी लागते. शेतकरी हे जाणून, हिशोब करून घेतो. वर्गणीचे सॉफ्टवेअरही तसेच हिशोब करून घ्यावे. वर्गणी बंद केल्यावर आपली जुनी खाती आपल्याला पाहता येतील का, एक्सेलमध्ये काढून घेता येतील का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे व प्रत्यक्ष काढून दाखवायला लावावे.

आणि सर्व काही दूरच्या एकाच कंपनीवर अवलंबून असले तर काय होते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी हाताने लिहिता येत होते म्हणून विमाने उडाली. दुकानात छापील बिलबुक व कार्बन ठेवायला फार खर्च येत नाही.

राहता राहिला आपल्या मुलांचा प्रश्न. "यंत्रच प्रोग्राम लिहू लागले, मग मुलाला संगणक शिकवून काय उपयोग?" असे बरेच पालक विचारतात. शहरातील मोठ्या कंपन्यांत नवख्यांच्या नोकऱ्यांचे काय होईल हे आज खात्रीने सांगणारा माणूस लेखकाला भेटलेला नाही. पण आपल्या भागात एक काम वाढणार, ते दुरुस्तीचे. घाईने बनवलेली ही सॉफ्टवेअर दर बदलला, नियम बदलला, दुकान वाढले की अडतील, आणि ती उघडून दोष शोधणारा माणूस लागेल. साताऱ्याकडील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, त्यातून ते संगणकाच्या दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार असत, म्हणून संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढण्याचे प्रोग्राम लिहिले. त्यातून पुढे 'क्विक हील' उभी राहिली. दोष रोज हाताखालून जात होता म्हणून कशाची गरज आहे ते या भावांना कळले. मोटार वाइंडिंग करणाऱ्याच्या, टेलरच्या किंवा बेकरीवाल्याच्या मुलाला धंदा घरातच पाहायला मिळतो. तो जर प्रोग्राम वाचायला शिकला, नुसता यंत्राकडून लिहून घ्यायला नव्हे, तर दोन्ही बाजू त्याच्या हाती येतील. त्यासाठी पहिले सहा महिने एआयचा आधार न घेता हाताने लिहावे असा लेखकाचा आग्रह असतो. मुलांना तो आवडत नाही.

व्यवहार ठरवताना तोंडी बोलण्यावर राहू नये. एका कागदावर लिहून घ्यावे की प्रोग्रामची मूळ प्रत दुकानदाराला मिळेल, दर व नियम बदलल्यास बदल कोण, किती दिवसांत व किती पैशांत करील, आणि हिशोब चुकला तर दुरुस्त करून देण्याची जबाबदारी कोणाची. मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर दुसरा कोणी हे काम हाती घेऊ शकेल इतपत माहिती लिहून ठेवलेली असावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत, काही भाग पहिले कराचे विवरण व्यवस्थित गेल्यावर द्यावा. सुरुवात मार्चअखेरच्या धावपळीत करू नये. जुनी वही व नवे सॉफ्टवेअर किमान एक महिना बरोबरीने चालवावे, रोज संध्याकाळी दोन्हींची शिल्लक ताडून पाहावी, आणि ज्या दिवशी ती जुळणार नाही त्याच दिवशी त्या मुलाला बोलावून घ्यावे.